आमच्या हिला कुत्र्यांचं हे काय लागलंय?

वसुलीवाला (गुहागर तालुका)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे. हसायचं तर हसा, पण उत्तर द्या.

वय ५१. पतसंस्थेत वसुली बघतो, म्हणजे दिवसभर लोकांच्या दारात उभं राहून वाईटपणा घ्यायचा. संध्याकाळी घरी आलो की माझ्या दारात सहा कुत्री उभी. आमची ही घरी ब्लाउज शिवते. टापटिपीची बाई, पाण्याचा तांब्यासुद्धा पालथा घालून ठेवणार. चार वर्षांपूर्वीपर्यंत तिला कुत्रं अंगणात आलेलं खपत नसे. खळ्यात वाळत घातलेल्या आमसुलांपाशी एक आलं, तर केरसुणी फेकून मारलेली मी बघितली आहे.

मग २०२२ चा मे संपला, चाकरमानी मुंबईला गेले, आणि एसटी स्टँडच्या मागे आंब्याच्या रिकाम्या पेटीत एक पिल्लू निघालं. पेटीवर देवगड हापूस छापलेलं, आत माल गावठी. ही पेटीसकट घेऊन आली. नावही पेटीच पडलं. त्यानंतर शृंगारतळीजवळ डंपरखाली पाय गेलेली तिपाई. मग बोंबील, त्याला खरजेने अंगावर एक केस नव्हता. पुढची नावं सांगत बसत नाही.

खर्च सांगतो, कारण मला तेवढंच कळतं. तांदळाची कणी, चिकनवाल्याकडची मुंडकी-पाय, गोचिडांचं औषध, सगळं धरून महिना ४,२०० रुपये. अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ती ३५० घेते. म्हणजे महिन्याला बारा ब्लाउज कुत्र्यांच्या पोटात. पैसे तिचे आहेत, माझी तक्रार नाही. (थोडी आहे.)

गेल्या पावसात रात्री साडेदहाला वीज गेलेली, मुसळधार पाऊस, आणि ही छत्री-बॅटरी घेऊन रस्त्याच्या मोरीकडे चालली, कारण आतून कुईकुई ऐकू येतेय. मला काही ऐकू येत नव्हतं. मी विचारलं, "तुला यातून मिळतं तरी काय?" तर म्हणाली, "दार ओढून घ्या, पाऊस आत येतोय."

शेजारी म्हणतात, मुलगी लग्न होऊन गेली, घर रिकामं झालं, म्हणून. मला ते पटत नाही. मुलगी पुण्यात आहे आणि दिवसातून तीनदा फोन करते, घर रिकामं वाटायला सवड कुठे?

मी एक व्यवहारी तोडगा काढला होता. दोन-तीन तरी धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला नेऊन सोडू. पूर्वी सगळे हेच करायचे, पोत्यात घालून खाडीपलीकडे. तर ही दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ताट वेळेवर वाढलं, मीठसुद्धा बरोबर, पण शब्द नाही.

तर जे लोक हे करतात त्यांनी सांगावं. माणसाला याची ओढ लागते कशी?

---

चाकरमानी_डोंबिवली

वसुलीवाले, तुमच्या धंद्यात दाराशी सहा कुत्री असणं ही सोय आहे, कर्जदार घरी येऊन भांडणार नाहीत.

बाकी आमच्या सोसायटीतही एक बाई रात्री अकराला फिरून कुत्र्यांना घालतात. निम्मं जेवण आणि निम्मं मोबाइलवर स्टेटस. काहींना ओढ त्याचीच असते, हे पण लिहा कुणीतरी.

---

वसुलीवाला

आमच्या हिचा फोन साधा, बटणांचा आहे. स्टेटस म्हणजे काय ते तिला मलाच विचारावं लागेल.

---

खानावळ_मुरूड (दापोली, जंजिऱ्याचं मुरूड नव्हे, पर्यटक दर वेळी चुकतात)

दादा, मुलगी गेली म्हणून हे कारण बाद करा. माझे दोन्ही मुलगे घरात रिमोटवरून मारामाऱ्या करत होते तेव्हाच मी सुरू केलं.

आणि दुसरं, मला कुत्री आवडत नाहीत. अजूनही नाही. पावसाळ्यात ओल्या कुत्र्याचा जो वास येतो तो माझ्या डोक्यात जातो. मी एकालाही घरात घेतलेलं नाही, पडवीच्या पायरीपर्यंतच.

माझी घरगुती खानावळ आहे. डाळ, भाजी, सोलकढी, मोदक आधी सांगितले तर. अकरा वर्षं रोज दुपारी अडीचच्या सुमारास पंगत उठली की मागच्या दारी ताटं निपटायची, उष्टं बादलीत, बादली माडाच्या आळ्यात उपडी. कुत्री यायची, खायची, जायची. मी मान वर करून बघितलेलंही आठवत नाही. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं आणि गिऱ्हाईक संपलं. आठवडाभराने एका दुपारी मी मागचं दार उघडलं, तर पाच कुत्री ओळीने बसलेली. भुंकणं नाही, लुडबूड नाही. स्टँडवर लोक गाडीची वाट बघतात तशी बसलेली. मी घड्याळ बघितलं, अडीच.

बादली कोरडी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अकरा वर्षं मी यांना जेवायला घालतेय आणि मला त्याचा पत्ता नाही. तुम्ही वसुलीतले, तुम्हाला तर कळेल. कर्ज काढल्याचं आठवत नसलं तरी कागदावर सही आपलीच असली की काय बोलणार? त्या दिवशी घरातल्या भातातला दोन मुठी भात जास्त टाकला. बस, तिथून.

पण तुमचा प्रश्न ओढीचा आहे. ती पुढे लागली. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. आमच्या वाडीत चाळीस पोफळी होत्या, नऊ उभ्या राहिल्या. वीज तेवीस दिवस नव्हती. त्या पाचांतल्या एका कुत्रीच्या पाठीवर उडालेला पत्रा बसला होता. आम्ही आपल्याच छपराच्या नादात, कोण बघतंय? आठ दिवसांनी वास यायला लागला. जवळ जाऊन बघितलं तर जखमेत अळ्या वळवळत होत्या. रस्त्यावर झाडं पडलेली, डॉक्टर येणं शक्य नाही. रेंज मिळायला टेकडीवर चढून एका डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, घरात रंगकामाचं टर्पेंटाईन असेल तर बोळा भिजवून जखमेच्या तोंडाशी धरा, अळ्या वर येतील, चिमट्याने काढा. एक ठेवू नका.

मी तोंडाला पदर बांधून दीड तास काढल्या. मोजल्या नाहीत. नारळाची करवंटी भरली. नंतर रोज धुणं, हळद नाही, कोळसा नाही, डॉक्टरांनी सांगितलेलाच मलम.

आता हे इथेच लिहिते, गावात बोलायची सोय नाही. त्या वेळी माझे सासरे चार वर्षं अर्धांगवायूने अंथरुणावर होते. त्यांच्या पाठीलाही पडून पडून जखम झालेली. दोन्ही वेळा मी धुवायचे, कूस बदलायचे, पावडर, मलम, पाण्याची गादी, सगळं. ती भरायची नाही. थोडी सुकायची, परत चिघळायची. कुत्रीची सोळा दिवसांत भरली. सतराव्या दिवशी ती माझ्याच पायातली चप्पल पळवून वाडीत पळाली. मी तिथेच आळ्याच्या काठावर बसले आणि रडले. मला काही बरं होताना बघायची सवयच राहिली नव्हती.

त्यानंतर मी जखमी जनावर शोधत फिरायला लागले म्हणा ना. चांगुलपणा त्यात किती आणि माझी स्वतःची भूक किती, मी हिशेब केलेला नाही.

आता दोन कामाच्या गोष्टी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हर्णै बंदरात लिलाव नाही, म्हणजे तिथली मांजरं-कुत्री उपाशी. किनाऱ्यावरची कुत्री मेमध्ये पर्यटकांच्या बिस्किटांवर माजलेली असतात, तीही त्याच आठवड्यात वाऱ्यावर. नेमकी तेव्हाच ती माणसांच्या अंगावर जातात, कोंबड्या मारतात. आम्ही चौघी जणी ते दोन महिने वार वाटून घेतो. नारळी पौर्णिमेला होड्या परत समुद्रात गेल्या की आमची सुट्टी.

आणि हे व्यसन होऊ शकतं. माझ्या ओळखीच्या एकीने बावीस आणली. डोळ्यांनी आणली, खिशाने नाही. पार्वो, म्हणजे कुत्र्यांचा साथीचा आजार, शिरला आणि दहा दिवसांत निम्मी गेली. तेव्हा तुमच्या हिला "नाही" म्हणता येतं का, एवढं बघा. येत असेल तर तुम्ही निवांत झोपा.

---

पहाटेचा_कासवमित्र

सगळं गोड चाललंय, जरा मिरची टाकतो.

मी डिसेंबर ते मार्च रोज पहाटे साडेचारला किनारा चालतो, ऑलिव्ह रिडले कासवाच्या मादीच्या पायखुणा शोधत. ती रात्री येते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, अंगाने वाळू दाबते आणि परत पाण्यात. आम्ही अंडी काढून कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल पुरतो, दीडेक महिन्याने पिल्लं निघतात. पण आमच्या आधी कुत्री पोचली की खेळ खलास. त्यांच्या नाकाला पायखुणा लागत नाहीत.

पूर्वी माणसंच अंडी काढून न्यायची. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने वेळासला काम उभं केलं, तिथून हे गावोगाव पसरलं आणि माणसं थांबली. कुत्र्यांना कोण सांगणार? कोल्हे पूर्वीही होते, पण कोल्हा लाजरा. बिस्किटांवर पोसलेल्या वीस कुत्र्यांच्या टोळीला कसली लाज?

२०२१ मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये आपल्या गुहागरला अंडी घालायला आली होती. पूर्व किनाऱ्यावरून भारताला वळसा घालून. असल्या पाहुणीचं घरटं उकरलेलं बघा एकदा. चुरगळलेल्या पांढऱ्या कवचांचा सडा, आणि शेजारी कुणीतरी प्रेमाने टाकलेला पार्ले-जीचा कागद. त्या मादीला पायरीवर बसून डोळ्यांत बघता येत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणाच्या मुठीतला भात सुटत नाही.

रागावून लिहिलंय, ताई, मनावर घेऊ नका. तुमच्या सोळा दिवसांचं वाचून मलाही गलबललं.

---

चाकरमानी_डोंबिवली

कासवमित्र, पहाटे साडेचारला चार महिने, मानधन किती मिळतं हो? नाही, ओढीचाच विषय चाललाय म्हणून विचारलं.

---

पहाटेचा_कासवमित्र

बायकोसारखं बोलू नका.

---

निवृत्त_पर्यवेक्षक (पशुसंवर्धन)

३२ वर्षं खात्यात काढली. ओढ का लागते ते मला सांगता येणार नाही, आणि विचारत बसायला वेळही नसे. रात्री अकराला रिक्षाच्या मागच्या सीटवर गाडीने उडवलेलं दुसऱ्याचं वासरू घालून आणणारा माणूस मी बघितलाय. त्याच माणसाने पुढच्या वर्षी स्वतःचा म्हातारा बैल चिपळूणच्या रस्त्याला सोडून दिला. २०१५ च्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्यानंतर बैलाला गिऱ्हाईक नाही, पॉवर टिलर दारात, पेंढा कोण घालणार? मी त्याला बोललो नाही. काय बोलणार?

वसुलीवाल्यांसाठी कामाचं लिहितो.

पहिलं म्हणजे रेबीज. तुमच्या सौभाग्यवती रस्त्यावरची, आजारी कुत्री हाताळतात. त्यांनी चावण्याआधीची लस घेतलेली असावी: पहिली घेतली की दुसरी सात दिवसांनी, आणि तिसरी पहिलीपासून एकवीस किंवा अठ्ठावीस दिवसांनी. तरी चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि लगेच दवाखाना. आधीची लस असेल तर दोन इंजेक्शनांत भागतं, त्या दिवशी एक आणि तीन दिवसांनी एक. मिरची, चुना, तेल काही भरायचं नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर जवळपास कुणीच वाचत नाही. लाळ गाळणारं, आवाज बदललेलं, उगाच हवेत चावणारं कुत्रं दिसलं तर दया बाजूला ठेवून लांब उभं राहायचं.

दुसरं, दाभोळचा बेत. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील असं सोडून देणं गुन्हा आहे. दंड पहिल्या वेळी १० ते ५० रुपये, म्हणजे फेरीबोटीला गाडीचं तिकीट त्याहून महाग पडेल. कायदा सोडा, पण दुसऱ्या टोळीच्या हद्दीत टाकलेलं कुत्रं एक तर फाडलं जातं नाही तर रात्री बिबट्याच्या तोंडी जातं. आणि तुमच्या दारची जागा रिकामी राहत नाही, महिन्याभरात दुसरी येतात. म्हणून २००१ चे आणि आता २०२३ चे नियम सांगतात की नसबंदी करा, रेबीजची लस द्या, जिथून उचललं तिथेच सोडा. शाळा, रुग्णालयं, एसटी स्टँड यांच्या आवारातल्या कुत्र्यांचं नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने वेगळं सांगितलंय, ती परत तिथे सोडायची नाहीत. मग ठेवायची कुठे, हे आपल्या तालुक्यांत कुणाला विचारायचं ते तुम्हीच शोधा.

कासवमित्रांचं म्हणणं शंभर टक्के खरं. खायला घालायची जागा पुळणीपासून लांब, आणि हंगामात रात्री बांधून.

---

वसुलीवाला

सर्वांचे आभार. एवढी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं.

खानावळवाल्या ताईंनी सांगितलं ते आठ दिवस बघत होतो. हिला "नाही" म्हणता येतं. परवा वरच्या वाडीतली एक बाई टोपलीत चार पिल्लं घेऊन आली. ही उंबऱ्यातूनच म्हणाली, "आधी आईचं ऑपरेशन करून आण, मग बोलू." टोपलीत वाकून बघितलंसुद्धा नाही. बाई पुटपुटत गेली. रात्री कळलं की ऑपरेशनच्या गाडीखर्चाचे पाचशे हिनेच तिला दिले, पण पिल्लू एकही घेतलं नाही.

आणखी एक बघितलं. ती कुत्र्यांचे लाड करत नाही. शोनू-मोनू काही नाही. वाढते, जखम बघते, मशीनवर जाऊन बसते. आणि कुत्र्यांना अंथरायला लोक रिकामी पोती आणून देतात, ती घेत नाही. कणीचं पोतं रिकामं झालं की त्याच दिवशी घडी घालून माळ्यावर. कुत्र्यांना जुनी गोधडी, फाटली तर शिवून. शिंपीणच ती, म्हणून असेल.

कासवमित्र, जानेवारीपासून रात्री दहा ते सकाळी सहा सगळी बांधतो. घर किनाऱ्यापासून एक किलोमीटर आहे, तरी बांधतो. सुंभ चावून तोडतात, नायलॉनची दोरी गळ्याला काचेल का? सहा पट्टे एकदम घेतले तर स्वस्त कुठे पडतील?

---

वसुलीवाला

ह्यांचा फोन चार्जिंगला आहे आणि हे आंघोळीला गेलेत. हे मी लिहितेय.

पट्टे सहा नाहीत, सात लागतील. सातवी न्हाणीच्या मागे लाकडांच्या मांडवात आहे, आठ दिवस झाले. पोटुशी होती, ऑपरेशन झालंय, टाके सुकले की सांगणार होते.

पर्यवेक्षक साहेब, ती लस मी दोन वर्षांपूर्वीच घेतली, तिन्ही. ह्यांना बोलले नाही, इंजेक्शन म्हटलं की हेच आडवे होतात.

कासववाले भाऊ, दोरी नायलॉनचीच बांधू, पट्ट्याला कापड मी शिवते. तुमच्याकडची असतील त्यांचेही देईन, मापं पाठवा.

ताई, तुमचं दोनदा वाचलं.

आता का ते. माझं माहेर खाडीच्या काठाला. आमच्याकडे एक कुत्री होती, लाल रंगाची, वर्षातून दोनदा व्यायची. मी तिसरीत होते. आप्पांनी तिला पलीकडे सोडायचं ठरवलं. ती कुणाच्या हाताला लागेना, काठी बघून आगरात पळायची. मग आप्पांनी पोत्याचं तोंड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, तू हाक मार. मी मारली. ती आली आणि आपणहून पोत्यात शिरली. होडीत पोतं माझ्याच मांडीवर होतं. पूर्ण खाडी पार होईपर्यंत ती हललीसुद्धा नाही, माझा वास येत होता ना. पलीकडे वाळूवर पोतं सोडलं आणि आम्ही होडी ढकलली. ती पोटाला पाणी लागेपर्यंत आत आली आणि उभी राहिली. भुंकली नाही.

त्यानंतर लग्न होईपर्यंत आणि लग्नानंतरही मी कुत्रं जवळ येऊ दिलं नाही. ती पेटी स्टँडवर का उचलली ते मला माहीत नाही. झाकण उघडं होतं एवढं आठवतं.

अहो, आंघोळ झाली वाटतं तुमची. संध्याकाळी येताना कणी आणा, पाच किलो. पोत्यात नको, पिशवीत.